‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’ : खाटेजवळच्या सोनोग्राफीने मला शिकवलेलं मूल्यमापन



मूल्यमापन हा शब्द आपल्याला नवा नाही. आकारिक, संकलित, वर्णनात्मक नोंदी, श्रेणी, प्रगतिपुस्तक यातच आपलं वर्ष सरतं. आज मात्र मी वर्गातलं नाही, तर दवाखान्यातलं मूल्यमापन घेऊन आले आहे. रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून सोनोग्राफी करायला शिकणाऱ्या डॉक्टरला ती खरंच येते का, हे कसं ठरवतात?

तुम्ही म्हणाल, बाई डी.एड. झालेल्या, तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या, यांना डॉक्टरकीतलं काय कळणार? अगदी बरोबर. मलाही काही कळत नव्हतं. पण एका रात्री माझ्या वडिलांच्या पोटावर एका शिकाऊ डॉक्टरने ते यंत्र ठेवलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्या रात्री काय झालं

श्रावणातली गोष्ट. आप्पा बाजार करून मोटारसायकलवर घरी येत होते. रस्ता ओला होता. वळणावर गाडी घसरली आणि हँडल डाव्या बरगडीखाली जोरात बसलं. अंगावर खरचटण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. आप्पा स्वतः उठून उभे राहिले, कपडे झटकले. रात्री मात्र त्यांना घाम फुटला आणि चक्कर यायला लागली. आम्ही त्यांना तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी मोठ्या रुग्णालयात नेलं.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर आला. असेल पंचवीस-सव्वीस वर्षांचा. त्याने चाकांवरचं छोटं यंत्र ढकलत आणलं, आप्पांच्या पोटावर थंडगार जेल लावलं आणि हातातला प्रोब फिरवायला लागला. उजवीकडे बघितलं, छातीच्या मध्यावर बघितलं, ओटीपोटावर बघितलं. डावीकडे आला आणि तिथे अडकला. प्रोब वर-खाली करत राहिला. मी पडद्याकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. वर्गात गणित अडलेल्या मुलाचा चेहरा आपल्याला लगेच ओळखू येतो ना, तसाच तो होता.

मग तो सरळ उभा राहिला आणि नर्सला म्हणाला, “मॅडमना बोलवा. तीन ठिकाणी पाणी दिसत नाहीये. डावीकडचं मला नीट दिसलंच नाही.”

खरं सांगते, मला त्याचा राग आला. ज्याला येत नाही त्याला माझ्या वडिलांना हात का लावू दिला? मोठ्या मॅडम आधीच का नाही आल्या?

मॅडम आल्या. मला वाटलं, आता त्या प्रोब त्याच्या हातातून घेतील. त्यांनी घेतला नाही. त्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हात अजून मागे ने. मूठ गादीला टेकली पाहिजे.” त्याने मूठ गादीला टेकवली. “काका, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा.” आप्पांनी श्वास धरला. पडद्यावर काहीतरी खाली सरकलं आणि त्याच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसली. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. तो मुलगाच बोलला, “प्लीहेच्या वर पाणी आहे, मॅडम.”

प्लीहा म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती. आणि मार लागलेल्या माणसाच्या पोटात दिसलेलं ‘पाणी’ हे रक्त आहे असंच धरून चालतात. लगेच सीटी स्कॅन झालं. पाणथरीला चीर गेली होती. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, आप्पा चार दिवस अतिदक्षता विभागात राहिले, ऑपरेशन मात्र टळलं. आज आप्पा ठणठणीत आहेत. मोटारसायकल आम्ही विकून टाकली.

एवढंसं यंत्र, पण हात पाहिजे

माझा मामेभाऊ दुसऱ्या शहरात आपत्कालीन वैद्यकशास्त्रात एम.डी. करतो आहे. दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी त्याला हा सगळा प्रसंग सांगितला आणि माझा रागही सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, “ताई, तो पोरगा नापास नव्हता. त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम त्यानेच केलं.”

मला कळेना. मग त्याने मला वही-पेन्सिल आणायला सांगितली.

सोनोग्राफीचं यंत्र आपल्याला ऐकू न येणारा आवाज शरीरात पाठवतं आणि परत येणारा प्रतिध्वनी पकडून त्याचं चित्र बनवतं. आपण पाचवी-सहावीला वटवाघळाचं उदाहरण देतो, तेच तत्त्व. द्रवातून आवाज सरळ पुढे जातो, म्हणून रक्त किंवा पाणी पडद्यावर काळं दिसतं. हाडावरून तो परत फिरतो, म्हणून हाड पांढरं आणि त्याच्यामागे सावली. हवेतून चित्रच मिळत नाही, म्हणून तर प्रोब आणि कातडीच्या मध्ये हवा राहू नये यासाठी जेल लावतात.

अपघातात जी तपासणी करतात तिला ‘फास्ट’ म्हणतात. तिच्यात चार जागा बघायच्या असतात. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, डावीकडे प्लीहेभोवतीची जागा, खाली मूत्राशयाच्या मागची जागा आणि हृदयाभोवतीचं आवरण. प्रश्न एकच : जिथे काळं नको तिथे काळं आहे का? सरावलेला डॉक्टर हे काही मिनिटांत बघतो. रुग्णाला खोलीबाहेर न्यावं लागत नाही, यंत्रच खाटेजवळ येतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण डावी बाजू जवळजवळ सगळ्याच नवशिक्यांना अडते. प्लीहा वर आणि पाठीकडे असते. मध्ये बरगड्यांच्या सावल्या आणि पोटातला वायू. हात नेहमीच्या जागी ठेवला तर काही मिळत नाही. तो इतका मागे न्यावा लागतो की मूठ गादीला टेकते. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते, हातात यायला मात्र बरेच रुग्ण जावे लागतात.

मामेभावाने आणखी एक गोष्ट सांगितली. पडद्यावर काळं दिसलं नाही, म्हणजे रक्त नाहीच असं होत नाही. रक्त थोडं असेल, पोटाच्या मागच्या भागात असेल, आतड्याला इजा असेल, तर ही तपासणी ते चुकवू शकते. म्हणून संशय असेल तर ती पुन्हा करतात किंवा सीटी स्कॅन करतात. ‘नाही’ आणि ‘मला दिसलं नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. त्या मुलाला हा फरक माहीत होता, आणि लोकांसमोर तो म्हणून दाखवायचं धैर्यही होतं.

‘येतं’ म्हणजे नेमकं काय?

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी विचारलं, “मग तुमच्यात हे येतं की नाही, कसं ठरवतात? लेखी परीक्षा?”

त्याने वहीत एक त्रिकोण काढला आणि त्याचे चार मजले केले. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये हा त्रिकोण मांडला. सगळ्यात खाली : माहीत आहे. त्याच्यावर : कसं करायचं ते माहीत आहे. तिसरा : करून दाखवतो. टोकाला : प्रत्यक्ष कामात करतो.

सोनोग्राफीला लावून बघा. रक्त काळं दिसतं हे माहीत असणं हा पहिला मजला. अमुक रुग्णात प्रोब कुठे आणि का ठेवशील हे सांगता येणं हा दुसरा. परीक्षकासमोर, पुतळ्यावर किंवा धडधाकट माणसावर चारही जागा दाखवणं हा तिसरा. आणि रात्री दोन वाजता, रुग्ण कण्हत असताना, नातेवाईक डोक्यावर उभे असताना, तेच करणं हा चौथा.

खालच्या दोन मजल्यांसाठी लेखी आणि तोंडी परीक्षा पुरते. तिसऱ्यासाठी ‘ऑस्की’ नावाची परीक्षा असते. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डेन यांनी ती १९७५ मध्ये मांडली. एका रांगेत टेबलं असतात, प्रत्येक टेबलावर एक काम, ठरलेला वेळ, आणि सगळ्या विद्यार्थ्यांना सारखाच प्रश्न व सारखीच गुणांची यादी. आधी व्हायचं काय, तर एकाला सोपा रुग्ण मिळायचा, दुसऱ्याला अवघड, आणि परीक्षकाच्या मर्जीवर गुण. ऑस्कीने ते बरंच आवरलं.

आपल्या देशातही २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला आहे. आपल्या अध्ययन निष्पत्तींसारखीच तिथे प्रत्येक विषयाच्या क्षमतांची यादी आहे. प्रत्येक क्षमतेपुढे लिहिलेलं असतं : विद्यार्थ्याला हे नुसतं माहीत हवं, कसं करायचं ते माहीत हवं, करून दाखवता यायला हवं, की स्वतंत्रपणे करता यायला हवं. हे ऐकून मला पटकन आपली निष्पत्तींची तक्ते-पुस्तिका आठवली. आपण तिथे ‘वाचतो’ असं एकच क्रियापद लिहितो. कोणता मजला, ते कुठे लिहितो?

किती वेळा केलं म्हणजे आलं?

पुढचा प्रश्न माझ्या तोंडी होताच. “मग किती वेळा केलं की आलं म्हणायचं?”

अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने आकडा दिला आहे : प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी साधारण २५ ते ५०, आणि त्याही तज्ज्ञाने तपासून पाहिलेल्या. नुसत्या केलेल्या नव्हेत. शिकणाऱ्याने चित्रं साठवायची, वरिष्ठाने नंतर ती बघायची, आणि शक्य असेल तिथे सीटी स्कॅनशी किंवा ऑपरेशनमध्ये जे सापडलं त्याच्याशी पडताळायची.

पण मामेभाऊ म्हणाला, “ताई, आकडा ही किमान अट. एखाद्याच्या हातात वीसमध्ये येतं, एखाद्याच्या साठमध्येही येत नाही. आणि लॉगबुक म्हणशील, तर पन्नास ओळी एका रात्रीत लिहून काढणारे पण असतात. सही करणारा दमलेला असला की तोही करून टाकतो.”

हे ऐकताना माझा चेहरा उतरला असणार. आपले डी.एड.चे सराव पाठ आठवतात का? माझ्या एका पाठाला निरीक्षक मागच्या बाकावर पाच मिनिटं बसले आणि वहीत ‘पाठ चांगला झाला, फळ्याचा वापर योग्य’ असं लिहून गेले. फळ्यावर तोपर्यंत मी फक्त तारीख लिहिली होती. शिवाय तो वर्ग मी आदल्या दिवशी एकदा शिकवून ठेवला होता, म्हणजे मुलं पटापट हात वर करतील. संख्या पूर्ण झाली, सह्या पूर्ण झाल्या. शिकवायला मी खरं तर नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकले.

सोनोग्राफीच्या सरावाला आणखी एक मर्यादा आहे. आपल्याकडे दवाखान्यादवाखान्यात पाटी असते, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते कुठे आणि कोण वापरणार याची बंधनं असतात. ही बंधनं का आली ते आपल्याला, मुलींचा पट मोजणाऱ्या शिक्षकांना, वेगळं सांगायला नको. पण याचा अर्थ असा की शिकाऊ डॉक्टर पेटी-तबल्यासारखं यंत्र घरी नेऊन रियाज करू शकत नाही. त्याचा सराव रुग्णालयात, रुग्णांवर, कामाच्या धबडग्यातच होतो. म्हणून मग त्याचं मूल्यमापनही तिथेच, खाटेजवळच व्हायला हवं.

बघणाऱ्याने काय बघायचं?

मॅडम त्या मुलाच्या मागे उभ्या राहून काय बघत होत्या? मला वाटलं होतं, पडदा. मामेभावाने सांगितलं, पडदा हा त्यातला एक भाग.

डेन्मार्कमधल्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या शाखांतल्या तज्ज्ञांची मतं घेऊन एक मोजपट्टी बनवली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सात गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण. आपल्या भाषेत मांडते :

१. ही तपासणी या रुग्णाला का करायची, हे त्याला माहीत आहे का?
२. यंत्र हाताळता येतं का? योग्य प्रोब, योग्य बटणं?
३. चित्र सुधारता येतं का? खोली कमी-जास्त करणं, उजळपणा बदलणं, हात हलवून नेमकी जागा मिळवणं?
४. क्रमाने, काही न गाळता बघतो का?
५. दिसलं त्याचा अर्थ बरोबर लावतो का?
६. नोंद नीट करतो का?
७. आणि त्यावरून पुढे काय करायचं, हे ठरवता येतं का?

बघा हं, अर्थ लावणं हे पाचव्या क्रमांकावर आहे. आधीच्या चार गोष्टी चुकल्या तर पाचवी बरोबर येऊनही उपयोग नाही. आणि सातवी नसेल तर आधीच्या सहांचं काय करायचं? आप्पांच्या वेळी त्या मुलाची तिसरी गोष्ट कच्ची होती, डावीकडे चित्र मिळत नव्हतं. पण चौथी पक्की होती, कारण त्याने ती जागा गाळली नाही. सहावी पक्की होती : नंतर मी कागद पाहिला, त्यावर डावीकडच्या जागेपुढे आधी ‘नीट दिसले नाही’ असंच लिहिलेलं होतं आणि त्याखाली दुसऱ्या वेळेची नोंद वेळेसकट होती. आणि सातवीही, मदत मागायची हे त्याने वेळेत ठरवलं.

साठवलेली चित्रं नंतर तपासणं चांगलं, पण ते आपल्या वह्या तपासण्यासारखं आहे. वहीत उत्तर दिसतं. पोराने ते कसं काढलं, कुठे खोडलं, कोणाचं बघितलं, हे वहीत दिसत नाही. साठवलेल्या चित्रात जे पकडलं तेवढंच दिसतं. जे बघायचंच राहिलं ते दिसत नाही. म्हणून कोणीतरी शेजारी उभं राहावं लागतं.

आता यादी हातात घेऊन टिचक्या मारत बसावं का? त्यातही एक गंमत आहे. कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये ऑस्कीबद्दल दाखवून दिलं की नुसत्या टिचक्यांच्या यादीत अनुभवी डॉक्टरांना त्यांच्या अनुभवाच्या मानाने गुण मिळत नाहीत. कारण अनुभवी माणूस सगळ्या पायऱ्या मोजून चढत नाही, नेमकं तेवढंच विचारतो. जाणकार परीक्षकाने दिलेल्या एकूण मतात मात्र तो फरक दिसतो. म्हणजे यादी नवशिक्याला आधार देते, आणि जाण असलेला बघणारा यादीपलीकडचं बघतो. दोन्ही लागतात. आणि दोन्हीला वेळ लागतो.

आता माझी नोंद

इथपर्यंत तुम्ही वाचलंत, तर आता माझी एक चूक सांगते. हा लेख लिहायला दोन वर्षं लागली ती तिच्यामुळे.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. शांत, अक्षर सुंदर, कधी तक्रार नाही. वर्षाच्या शेवटी मी त्याच्या नोंदीत लिहिलं, ‘परिच्छेदाचे अर्थपूर्ण वाचन करतो.’ ही ओळ माझी नव्हती. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तिका असते, तिच्यातून उतरवलेली होती. चाळीस मुलं, सगळे विषय, आणि निकाल शनिवारी द्यायचा. तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या वर्षी चौथीचे गुरुजी त्याला घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आले. काही बोलले नाहीत, त्याच्या हातात गोष्टीचं एक नवं पुस्तक दिलं आणि म्हणाले, “वाच रे.” तो उभा राहिला. पुस्तकातल्या चित्राकडे बघत राहिला. पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं, आणि थांबला. माझ्याकडे बघितलं.

तिसरीचं पाठ्यपुस्तक त्याला पाठ होतं. मोठ्या बहिणीकडून ऐकून ऐकून पाठ केलेलं. मी विचारलं की तो धडाधडा म्हणायचा, बोट ओळीवर फिरवत. मी वर्षभर ते ‘वाचन’ समजले. न बघितलेला मजकूर मी त्याला एकदाही दिला नव्हता. म्हणजे धडधाकट माणसावर सोनोग्राफी करून दाखवली, की आलीच असं म्हणण्यासारखं. माझ्या सहीने मी त्याला पुढे पाठवलं, आणि पुढच्या माणसाने त्या सहीवर विश्वास ठेवला. गुरुजींनी पहिले दोन महिने त्याला जे शिकवलं ते त्याच्या डोक्यावरून गेलं, कारण माझ्या नोंदीनुसार त्याला वाचता येत होतं.

डॉक्टरच्या लॉगबुकावरची खोटी सही एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. माझी सही कोणाच्या जिवावर बेतली नाही, पण एका पोराचं अर्धं वर्ष गेलं आणि ‘मला येत नाही’ हे सांगायला त्याला कोणीच उरलं नाही, ते वेगळंच.

आठ साधनतंत्रं आपल्याला २०१० च्या शासन निर्णयाने दिली. त्यातलं पहिलंच आहे दैनंदिन निरीक्षण. यंत्र खाटेजवळ आणून दिलेलं होतं. मीच मूठ गादीला टेकवली नाही.

भरवसा किती टाकायचा?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडला. नेदरलँड्समधले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन कॅटे यांनी २००५ मध्ये एक वेगळाच प्रश्न पुढे आणला. पास की नापास हे विचारण्याऐवजी विचारा : हे काम मी याच्यावर कितपत सोपवू शकतो? आज याचे पाच टप्पे मानतात. फक्त बघू द्यायचं. मी शेजारी उभा असेन तर करू द्यायचं. मी हाकेच्या अंतरावर असेन तर करू द्यायचं. एकट्याला करू द्यायचं. आणि शेवटी, दुसऱ्याला शिकवू द्यायचं.

आप्पांच्या त्या डॉक्टरवर ‘हाकेच्या अंतरावर’ एवढा भरवसा टाकलेला होता. म्हणून मॅडम आधी आल्या नाहीत आणि हाक मारताच आल्या. मला जो निष्काळजीपणा वाटला, ती खरं तर ठरवलेली व्यवस्था होती. आणि तिच्यात एक अट होती : हाक कधी मारायची हे शिकणाऱ्याला कळलं पाहिजे. ज्याला स्वतःचं न येणं ओळखू येत नाही, त्याला हाकेच्या अंतरावरही सोडता येत नाही, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो.

मी मामेभावाला विचारलं, “तुम्ही सीनियर झालात की कशावरून ठरवता?”

तो म्हणाला, “कागदावर सगळं भरतो. पण मनात एकच विचारतो. उद्या रात्री माझ्या आईला आणलं, तर या पोराला मशीनजवळ एकट्याला सोडेन का? नसेन सोडणार, तर सही नाही करत. त्याला काय जमलं नाही ते सांगतो, आणि पुढच्या पेशंटला परत उभा राहतो.”

परत उभा राहतो, हे महत्त्वाचं. सही न करणं म्हणजे शिक्षा नव्हे. मॅडमनी प्रोब हिसकावून घेतला असता तर आप्पांचं निदान कदाचित एक मिनिट आधी झालं असतं, पण त्या मुलाला डावी बाजू पुढच्या रुग्णावरही दिसली नसती. त्यांनी एका वाक्यात हाताची जागा सांगितली आणि उत्तर त्याच्या तोंडून येऊ दिलं. मूल्यमापन आणि अध्यापन एकाच वेळी, एकाच खाटेजवळ चाललं होतं.

मी वर्गात काय बदललं

फार मोठं काही नाही. तुम्हालाही जमेल असं सांगते.

एक, वाचनाची नोंद करताना मी पाठ्यपुस्तक वापरत नाही. वर्गात पाच-सहा न वाचलेली छोटी पुस्तकं वेगळी ठेवली आहेत. त्यातलं एक उघडून मूल माझ्या शेजारी बसून वाचतं. एका मुलाला तीन-चार मिनिटं. रोज तीन मुलं घेतली तरी महिन्याभरात वर्ग होतो.

दोन, नोंदीत मी मजला लिहिते. ‘पाठ असलेले म्हणतो’, ‘मदतीने नवीन मजकूर वाचतो’, ‘स्वतः वाचतो’, ‘दुसऱ्याला वाचून दाखवतो आणि समजावतो’. पुस्तिकेतल्या ओळी उतरवत नाही.

तीन, जे मी स्वतः बघितलेलं नाही तिथे ‘नाही’ही लिहीत नाही आणि ‘होय’ही लिहीत नाही. पेन्सिलीने लिहिते, ‘अजून पाहिले नाही.’ वर्ष संपेपर्यंत अशा जागा शून्यावर यायला हव्यात, हे माझं माझ्यासाठीचं मूल्यमापन.

चार, वर्गात एक वाक्य शिकवलं : “बाई, इथपर्यंत आलं, इथून पुढे नाही दिसत.” हे वाक्य जो म्हणेल त्याला रागवायचं नाही. सुरुवातीला कोणी म्हणेना. आता म्हणतात, कधी कधी तर नको तेवढं म्हणतात. चालेल.

तो मुलगा आता सातवीत आहे. गुरुजींनी त्याच्यावर खूप कष्ट घेतले. त्याचं श्रेय त्यांचं, माझं नाही. परवा तो शाळेच्या फळ्यावरची सूचना पहिलीच्या मुलांना वाचून दाखवत होता. मी थोडा वेळ लांब उभी राहून ऐकलं. सूचना त्याच सकाळी लिहिलेली होती.

मित्रांनो, या आठवड्यात एकच करून बघा. तुमच्या नोंदवहीतलं एक पान उघडा, कोणतीही एक ओळ निवडा आणि स्वतःला विचारा, हे मी कधी, कुठे, किती वेळ उभं राहून बघितलं? उत्तर आठवलं तर उत्तम. नाही आठवलं, तर त्या मुलाला उद्या शेजारी बसवा.